जागतिक तंत्रज्ञान धोरण आणि विकसनशील देशांचं दूरसंचार क्षेत्र: परिणाम नेमका कुठून होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठे देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था तंत्रज्ञानाबद्दल जे नियम ठरवतात, त्यांचा विकसनशील देशांतल्या दूरसंचार उद्योगावर खरोखर किती परिणाम होतो? की तिथल्या अडचणी मुळात घरच्याच असतात आणि दोष बाहेर टाकला जातो? प्रश्नकर्ता या विषयावर प्रबंध लिहितो आहे, म्हणून सविस्तर लिहिते. स्पेक्ट्रम नियोजन (म्हणजे कोणती सेवा रेडिओ लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर चालेल याची आखणी), उपकरणांची खरेदी आणि नियामकांपुढची कामं यांत माझी वीसहून अधिक वर्षं गेली आहेत.

परिणाम होतो आणि भरपूर होतो. मात्र नेटवर्क चालवणाऱ्या माणसाला तो धोरण म्हणून कधी भेटत नाही. एखाद्या पट्ट्यावर चालणारा स्वस्त फोन बाजारात मिळत नाही, निविदेत पाचाऐवजी दोनच कंपन्या उतरतात, दुरुस्तीला पाठवलेलं टॉवरच्या उपकरणातलं कार्ड परत येत नाही, अशा रूपात तो समोर येतो. कारण शोधत मागे गेलं की पाच-दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या बैठकीचा कागद सापडतो. त्या बैठकीत मसुदा कच्चा असताना तुमच्या देशाचा माणूस बोलला होता की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरलेलं असतं.

स्पेक्ट्रमपासून सुरुवात करते, कारण हा मुद्दा सगळ्यात कमी समजला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही १८६५ मध्ये तारायंत्रासाठी स्थापन झालेली संस्था, आता संयुक्त राष्ट्रांचा भाग. दर तीन-चार वर्षांनी ती जागतिक रेडिओ परिषद भरवते. कोणता तरंगपट्टा मोबाइलला, कोणता टीव्हीला, कोणता उपग्रहाला, हे तिथे ठरतं. जगाचे तीन विभाग केलेले आहेत: युरोप, आफ्रिका, रशिया, मध्य आशिया आणि पश्चिम आशियाचा बहुतांश भाग पहिल्या विभागात, अमेरिका खंड दुसऱ्यात, उरलेला आशिया आणि प्रशांत महासागरातले देश तिसऱ्यात. आता गंमत नाही तर अडचण बघा. आफ्रिकेतला एखादा देश, जिथे जमिनीवरून प्रसारित होणाऱ्या टीव्ही वाहिन्या मोजक्याच आहेत, तो युरोपच्याच विभागात बसतो. आणि युरोपात तोच पट्टा टीव्हीने भरलेला.

२०१२ च्या परिषदेत आफ्रिकी आणि अरब देश एकत्र आले आणि ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइललाही हवा, असा त्यांनी आग्रह धरला. युरोपची त्या वेळी तयारी नव्हती. तरीही निर्णय झाला, अंमल २०१५ च्या परिषदेनंतर लागू करायचा असं ठरलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'गरीब देशांचं तिथे काही चालत नाही' हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. एकत्र गेले, तयारीनिशी गेले, तर चालतं. हा पट्टा इतका महत्त्वाचा का? कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, भिंतींतून आत शिरतात. विरळ वस्तीच्या भागात थोड्या टॉवरमध्ये काम भागवायचं तर असाच पट्टा लागतो.

पट्टा मिळाला तरी त्याची मांडणी कोणाची घ्यायची हा पुढचा प्रश्न. ७०० मेगाहर्ट्झमध्ये अमेरिकेने एक मांडणी केली, त्यात पट्ट्याचे छोटे छोटे तुकडे झाले. आशिया-प्रशांत देशांनी दुसरी केली: वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या लहरींना प्रत्येकी सलग ४५ मेगाहर्ट्झ. मेक्सिको, ब्राझील, चिली, कोलंबिया हे देश भूगोलाने अमेरिकेच्या विभागातले, पण त्यांनी आशियाची मांडणी उचलली. हिशोब साधा होता. चिप बनवणारा कारखाना बाजार बघून पट्टे घालतो. ज्या मांडणीमागे जास्त लोकसंख्या, तिचे फोन लवकर येतात आणि स्वस्त पडतात. आपली वेगळी मांडणी करणारा छोटा देश स्वतःच्या ग्राहकाला महाग फोन घ्यायला लावतो. हे निर्णय कागदावर तांत्रिक दिसतात, पण त्यांचा शेवट फोनच्या किमतीत होतो.

या परिषदांमध्ये काम कसं चालतं ते जवळून पाहिलं की बरंच उमगतं. ज्या वाक्यावर एकमत नाही ते मसुद्यात चौकोनी कंसात ठेवतात. शेवटच्या आठवड्यात सगळी लढाई त्या कंसांची असते. एका विषयाचा गट पहिल्या मजल्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, तिसऱ्याचा त्याच वेळी तळघरात. मोठ्या देशाचे शंभराहून अधिक लोक आलेले असतात, प्रत्येक कंसामागे एक माणूस बसवता येतो. लहान देशाचे दोघे आणि त्यांतला एक बहुतेक वेळा राजशिष्टाचारात अडकलेला. एका रात्री दोनच्या सुमाराला मी एका शेजारी देशाच्या अभियंत्याला धावत जिना चढताना पाहिलं. त्याच्या देशाचं नाव एका तळटीपेत घालायचं होतं. त्या तळटीपेतल्या देशांनाच तो पट्टा मोबाइलसाठी वापरायची मोकळीक मिळणार होती. तो पोहोचला तेव्हा अध्यक्ष पुढच्या परिच्छेदाकडे वळत होते. त्याने हात वर केला, नाव घातलं गेलं. चार मिनिटं उशीर झाला असता तर पुढची संधी थेट चार वर्षांनी. मला तो प्रसंग आजही आठवतो, कारण त्या चार मिनिटांवर किती खेड्यांचं नेटवर्क अवलंबून होतं हे त्या खोलीत फार थोड्यांना ठाऊक होतं.

मानकांची, म्हणजे सगळ्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेल्या तांत्रिक नियमांची, गोष्टही याच वळणाची. मोबाइलची मानकं थ्रीजीपीपी या १९९८ मध्ये सुरू झालेल्या मंचावर लिहिली जातात. तिथे प्रस्ताव मांडायचा तर वर्षाकाठी अनेक बैठका, प्रवासाचा खर्च आणि प्रयोगशाळेत केलेलं काम हाताशी लागतं. त्यामुळे साहजिकच मानक त्यांच्या गरजांप्रमाणे घडतं ज्यांच्याकडे हे तिन्ही आहे. ५जीच्या निकषांत ग्रामीण भागाची चाचणी आधी दोन टॉवरमध्ये १,७३२ मीटर अंतर धरून होती. या अंतराने एका टॉवरच्या वाट्याला सुमारे २.६ चौरस किलोमीटर येतात. भारताच्या दूरसंचार मानक संस्थेने म्हटलं, आमच्याकडचं खेडं असं नाही. अंतर सहा किलोमीटर धरा. सहा किलोमीटरला एका टॉवरच्या वाट्याला ३१ चौरस किलोमीटर येतात, म्हणजे बारापट. जिथे गिऱ्हाईक महिन्याला फार थोडा खर्च करू शकतं, तिथे एका टॉवरऐवजी बारा उभे करणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही. सहा किलोमीटरची चाचणी शेवटी आंतरराष्ट्रीय निकषांत अनिवार्य झाली.

त्यापुढे जाऊन भारताने ५जीआय हे स्वतःचं मानक मांडलं, आंतरराष्ट्रीय संघाची मान्यताही मिळवली. पण देशातल्याच ऑपरेटरांना भीती होती की वेगळं मानक म्हणजे वेगळ्या चिप आणि महाग हँडसेट. २०२१ च्या अखेरीस ते थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेण्याचं ठरलं. माझ्या मते हाच शहाणपणाचा मार्ग होता. वेगळी चूल मांडण्यापेक्षा सामायिक मानकात आपली गरज घुसवणं जास्त टिकतं. हे मत सगळ्यांना पटत नाही. स्वावलंबनाचा मुद्दा मलाही मोलाचा वाटतो, पण फोन विकत घेणाऱ्याचा खिसा मला आधी दिसतो.

आता पैशाकडे येते. नव्वदच्या दशकापर्यंत परदेशातून येणारा प्रत्येक फोन म्हणजे विकसनशील देशाच्या सरकारी टेलिफोन कंपनीला परकीय चलन. कॉल जिथे संपतो त्या देशाला दर मिनिटामागे ठरलेली रक्कम मिळायची, काही मार्गांवर ती डॉलरच्याही वर होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने एकतर्फी ठरवलं की आमच्या कंपन्या अमुकहून जास्त देणार नाहीत: श्रीमंत देशांना मिनिटाला १५ सेंट, मध्यम उत्पन्नाच्या देशांना १९, गरीब देशांना २३. देश जितका गरीब तितकी थोडी जास्त मुदत, एवढीच सवलत. खटले झाले, पण आदेश टिकला. एका देशाच्या देशांतर्गत आदेशाने डझनावारी देशांच्या टेलिफोन खात्यांचं अंदाजपत्रक बदललं. जागतिक धोरण म्हणजे केवळ आंतरराष्ट्रीय करार असं समजू नका, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पण इथेच दुसरी बाजूही मांडते. ते जुने दर खर्चाच्या मानाने अवाच्या सवा होते, आणि तो पैसा नेहमी नेटवर्कमध्ये जात होता असंही नाही. पुष्कळ ठिकाणी तो सरकारी तिजोरीत मुरला. परदेशी गेलेल्या मजुराला घरी फोन करायला जी किंमत मोजावी लागायची, ती त्या दरातूनच येत होती. दर पडल्यावर त्या मजुराचं भलं झालं आणि गावाकडच्या एक्स्चेंजचा विस्तार रखडला, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

त्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९९७ ला, ६९ देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मूलभूत दूरसंचार सेवा खुल्या करण्याचा करार केला. ५ फेब्रुवारी १९९८ पासून तो लागू झाला. त्याला जोडलेल्या संदर्भपत्राने स्वतंत्र नियामक, खर्चावर आधारित इंटरकनेक्शन (एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात पोहोचवणं), पारदर्शक परवाने ही तत्त्वं घालून दिली. अनेक देशांत दूरसंचार खातं आणि नियामक वेगळे झाले ते या लाटेत, जागतिक बँकेच्या कर्जअटींचाही त्याला हातभार होता. हा करार नुसता कागदी नाही हे २००४ मध्ये मेक्सिकोला कळलं. अमेरिकेच्या तक्रारीवर निवाडा समितीने तिथले इंटरकनेक्शनचे दर खर्चाला धरून नाहीत असं ठरवलं. स्वतंत्र नियामकाची कल्पना मला मनापासून मान्य आहे. नुसता कायदा उतरवून घेतला आणि नियामकाला माणसं, पैसा, हिशोब तपासायची यंत्रणा दिली नाही, तर तो मक्तेदार कंपनीने दिलेले आकडेच पुढे पाठवत राहतो. असे नियामक मी जवळून पाहिले आहेत.

२०१२ मध्ये दुबईत आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांची फेरमांडणी करायचा प्रयत्न झाला. मतदानाचा हक्क असलेल्या १४४ पैकी ८९ देशांनी सही केली, ५५ नी नाही. तेव्हापासून या नियमांबाबत जग दोन कागदांवर उभं आहे: काही देश नव्या नियमांवर, काही जुन्यावर. मोठ्या डिजिटल कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा का, हा वाद तेव्हाही होता आणि आजही आहे.

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त हादरे बसले ते निर्यातबंदी आणि सुरक्षेच्या नियमांचे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने झेडटीई या चिनी दूरसंचार उपकरण कंपनीला अमेरिकी सुटे भाग विकण्यावर बंदी घातली. कंपनीचं मुख्य कामकाजच थांबलं, जुलैमध्ये बंदी उठली. मे २०१९ मध्ये हुआवे ही दुसरी चिनी कंपनी अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेली, २०२० मध्ये नियम आणखी कडक झाले. आफ्रिकेत आणि आशियात ज्यांनी या कंपन्यांचं साहित्य घेतलं होतं त्यांनी ते राजकारणासाठी घेतलं नव्हतं. दर कमी होता आणि सोबत चिनी बँकांचं दीर्घ मुदतीचं कर्ज मिळत होतं. पाश्चात्त्य पुरवठादारांकडून तसं कर्ज बहुधा मिळत नसे.

ब्रिटनने जुलै २०२० मध्ये ठरवलं की २०२७ अखेरपर्यंत ५जी जाळ्यातून हुआवे काढायचं. अमेरिकेने आपल्या ग्रामीण कंपन्यांना असं साहित्य काढून नवं बसवायला १.९ अब्ज डॉलर दिले, ते पुरेनात म्हणून डिसेंबर २०२४ च्या कायद्याने आणखी सुमारे ३ अब्ज मंजूर केले. श्रीमंत देशातल्या ग्रामीण कंपनीलाही सरकारी मदतीशिवाय हे जमलं नाही, हे लक्षात घ्या. गरीब देशाला मात्र नुसता सल्ला मिळतो: विश्वासार्ह पुरवठादार निवडा. बदलीचा खर्च कोणी द्यायचा, यावर कोणी बोलत नाही. सुरक्षेची चिंता खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नेटवर्कच्या गाभ्यात कोणाचं सॉफ्टवेअर चालतं ही गंभीर बाब आहे. भारताने १५ जून २०२१ पासून विश्वासार्ह स्रोतांची अट लागू केली, ती फक्त नव्याने जोडल्या जाणाऱ्या साहित्यासाठी. आधी बसवलेलं साहित्य उखडायला लावलं नाही. मला हा मध्यम मार्ग योग्य वाटतो.

एक प्रसंग सांगते. मी ज्या कंपनीत होते तिथे एका डोंगरी भागातल्या लिंकचं, म्हणजे दोन टॉवर जोडणाऱ्या दुव्याचं, कार्ड जळालं. एरवी असं कार्ड दुरुस्तीला परदेशी जायचं आणि पाच-सहा आठवड्यांत परतायचं. त्या वेळी पुरवठादाराकडून उत्तर आलं की कार्डावरच्या एका चिपला आता निर्यात परवाना लागतो, तारीख सांगता येत नाही. आम्ही दुसऱ्या, कमी रहदारीच्या लिंकचं कार्ड काढून इथे लावलं. मग त्या दुसऱ्या लिंकसाठी तिसरीकडून. भांडारात सुट्या भागांची वही असते, तिच्यात 'येणे बाकी' असा रकाना असतो. तो रकाना त्या वर्षी पानभर झाला. टॉवरवर चढणाऱ्या मुलांना निर्बंध यादी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की कार्ड नाही.

आयात शुल्काचं थोडक्यात. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात सही केलेल्या देशांनी ठरावीक वस्तूंवर शून्य शुल्क मान्य केलं. भारत १९९७ मध्ये त्यात गेला. उपकरणं स्वस्त झाली, नेटवर्क झपाट्याने वाढलं, पण देशी उत्पादन मागे पडलं. नंतर भारताने काही दूरसंचार उपकरणांवर आणि फोनवर शुल्क लावलं. युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी तक्रारी केल्या, एप्रिल २०२३ मध्ये निवाडे भारताविरुद्ध गेले. युरोपीय संघ आणि जपानच्या प्रकरणांत भारताने अपील केलं. पण अपिलाची यंत्रणा डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेली असल्याने ते तसंच राहिलं. पेटंटच्या रॉयल्टीची गोष्ट याला जोडून वाचावी. रॉयल्टी पूर्ण फोनच्या किमतीवर मोजायची की आतल्या चिपच्या, यावर दिल्ली उच्च न्यायालयात २०१३ पासून खटले चालले. स्वस्त फोनमध्ये नफा इतका पातळ असतो की हा टक्का ठरवतो कोण टिकणार.

केबल आणि इंटरनेट एक्स्चेंज (जिथे स्थानिक इंटरनेट कंपन्या आपसातली माहिती थेट देवाणघेवाण करतात) हा भाग मला जवळचा आहे, कारण इथे घरच्या चुका उघड दिसतात. केनियात २००० च्या अखेरीस स्थानिक इंटरनेट कंपन्यांनी नैरोबीत एक्स्चेंज सुरू केलं. तोपर्यंत नैरोबीतल्या एका कार्यालयाने शेजारच्या कार्यालयाला पाठवलेली ईमेल उपग्रहावरून परदेशी जाऊन परत येत असे. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, एका फेरीलाच पाव सेकंद जातो, शिवाय प्रत्येक बिटाचं भाडं डॉलरमध्ये. सरकारी टेलिफोन कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ते एक्स्चेंज काही दिवसांतच बंद पाडलं. २००२ मध्ये ते परवान्यासह पुन्हा सुरू झालं. २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेत समुद्री केबल आल्या, तेव्हा त्यांचा फायदा वाटायला हे एक्स्चेंज तयार होतं. युगांडाने जुलै २०१८ मध्ये समाजमाध्यमं वापरण्यावर रोज २०० शिलिंग कर लावला, २०२१ मध्ये तो काढून डेटावर १२ टक्के लावला. अशा करांचा दोष कुठल्याही जागतिक संस्थेवर टाकता येणार नाही. प्रबंधात हे दोन ढीग वेगळे ठेवा: बाहेरून आलेलं आणि स्वतः ओढवून घेतलेलं.

पुढच्या दहा वर्षांत माझं लक्ष असेल ते उपग्रहांवर. १९७६ मध्ये विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटा इथे जाहीर केलं की आमच्या डोक्यावरच्या भूस्थिर कक्षेवर आमचा हक्क आहे. तो दावा जगाने मानला नाही, पण दबावाचा उपयोग झाला: १९८८ मध्ये ठरावीक पट्ट्यांत प्रत्येक देशासाठी कक्षेत एक जागा राखून ठेवण्यात आली. कमी उंचीवरच्या हजारो उपग्रहांच्या ताफ्यांसाठी अशी राखीव जागा नाही. जो आधी अर्ज करतो त्याचा अग्रक्रम. २०१९ च्या परिषदेने एवढंच घातलं की सेवा सुरू करायची मूळ सात वर्षांची मुदत संपल्यावर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर गेले पाहिजेत, नाहीतर हक्क त्या प्रमाणात कमी होईल. ज्या देशांकडे रॉकेट नाही त्यांची हरकत नोंदवायची वेळ हीच आहे, कारण भरलेल्या कक्षेत मागाहून जागा मागता येत नाही. २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या देशांत फक्त २७ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, श्रीमंत देशांत ९३ टक्के. उरलेल्यांपर्यंत सेवा बहुधा आकाशातून येईल, आणि परवाना, दर, माहितीवरचा ताबा यांपैकी काय देशाच्या हाती राहील हे आत्ता ठरतं आहे.

तुमच्या प्रबंधासाठी माझी सूचना: दहा देशांचा तक्ता करू नका. एक देश घ्या, एक पट्टा घ्या, ७०० मेगाहर्ट्झच घ्या हवं तर. तो पट्टा मोबाइलला द्यायचं परिषदेत कोणत्या वर्षी ठरलं, टीव्ही त्यातून कधी हलला, लिलाव कधी झाला, त्या पट्ट्यावर चालणारा सगळ्यात स्वस्त फोन बाजारात कधी आला आणि राजधानीबाहेर पहिला टॉवर कधी सुरू झाला, ही पाच वर्षं शोधा. परिषदांचे अंतिम दस्तऐवज खुले असतात, लिलावाची कागदपत्रं नियामकाकडे मिळतात. टॉवरची तारीख मात्र कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एखाद्या जुन्या तंत्रज्ञालाच विचारावी लागेल.